आवाज आणि दात यांच्यामधलं कुत्रं

आंब्याच्या मोहोराचा वास आला की मला कुत्री आठवतात. हे मी सहसा कुणाला सांगत नाही. रत्नागिरीत जन्म काढायचा आणि मोहोर फुटल्यावर हापूस आठवायचा सोडून कुत्री आठवायची, म्हणजे लोक हसणारच. पण परवा सकाळी वाचनालयाच्या मागच्या खिडक्या उघडल्या, कुंपणापलीकडच्या कलमांचा तो गोडसर, घशाशी किंचित तुरट लागणारा वास आत शिरला, आणि माझ्या नाकाला त्यात भलतेच वास मिसळलेले जाणवले. शांपूचा, उन्हात वाळणाऱ्या ओल्या केसांचा, तुडवलेल्या गवताचा. तीन वर्षं झाली त्या गोष्टीला. आमच्याकडची थंडी ती केवढी! पहाटे चादर गळ्यापर्यंत ओढून घ्यावीशी वाटते आणि दहा वाजता पंखा लावावा लागतो. तसल्या थंडीत, नाताळच्या सुट्टीत, आम्ही अकराजण गाडी करून कोल्हापूरला कुत्र्यांचं प्रदर्शन बघायला गेलो होतो. आणि तिथे आम्हाला नेलं होतं विमलताईंनी. त्यांना जन्मापासून दिसत नाही.

विमलताई आमच्या वाचनालयाच्या जुन्या सभासद. एका सरकारी कचेरीत त्या निवृत्त होईपर्यंत टेलिफोन ऑपरेटर होत्या. एकट्याच राहतात, वाचनालयापासून दहा मिनिटांच्या चालीवर. मी ग्रंथपाल म्हणून लागले तेव्हा त्या रोज दुपारी काठी टेकत यायच्या आणि कुणी वाचून दाखवणारं भेटतंय का, याची वाट बघत बाकावर बसायच्या. त्यांच्यामुळेच आमचा शुक्रवारचा कट्टा सुरू झाला. एकाने मोठ्याने वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. ज्युनियर कॉलेजात जीवशास्त्र शिकवणारी रेहाना यायला लागली. मंडणगडकडच्या शाळांमध्ये उभा जन्म काढून आता मुलाकडे राहायला आलेले कदम गुरुजी आले. हळूहळू दहाबाराजण झालो. वर्षातून एकदा सहल काढायची, हेही मग ओघानेच आलं.

त्या वर्षी सहलीचं ठरत नव्हतं. मार्लेश्वर झालं होतं, पावस झालं होतं, दाभोळला जाऊन फेरीबोटीतून खाडी ओलांडून झाली होती. रेहाना म्हणाली, "विमलताई, तुम्ही सांगा. तुम्ही दरवर्षी नुसत्या हो म्हणता."

"कोल्हापूरला कुत्र्यांचं मोठं प्रदर्शन आहे," विमलताई म्हणाल्या. "रेडिओवर सांगत होते. तिथे जाऊ."

आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं, दोन वर्षांपूर्वी काय झालं होतं ते. वाचनालयाकडे येताना पाण्याच्या टाकीजवळच्या वळणावर विमलताईंना कुत्रं चावलं होतं. मी धावत गेले तेव्हा त्या कुंपणाच्या दगडी गडग्याला पाठ लावून उभ्या होत्या, पोटरीतून रक्त येत होतं आणि काठी गटारात पडली होती. मग सिव्हिलमध्ये इंजेक्शनं झाली, जखम भरली. पण त्या दिवसापासून त्या एकट्या बाहेर पडल्या नाहीत. दुपारी मी स्कूटरवरून त्यांना आणायचे, संध्याकाळी सोडायचे. भाजी मीच न्यायचे, औषधं मीच.

"कुत्र्यांचं प्रदर्शन?" शेवटी कदम गुरुजीच बोलले. "अहो ताई, आमच्या गावात चला. पडवीपडवीत प्रदर्शन आहे. तिकीट पण नाय."

मी म्हटलं, "ताई, साधं भुंकणं ऐकलं तरी तुम्हाला घाम फुटतो."

"म्हणूनच जायचंय. मला सांग शुभा, मला चावलं ते कुत्रं केवढं होतं?"

"असेल मध्यम. गावठी."

"मध्यम म्हणजे केवढं? मांजर मला ठाऊक आहे, मांडीवर घेतलंय. गाय ठाऊक आहे, मामाच्या गोठ्यात जायची मी. बकरी, कोंबडी, बाजारातला मुशी मासासुद्धा ठाऊक आहे. पण कुत्र्याला जन्मात हात लावलेला नाही. लहानपणी आई म्हणायची, लांब राहा, चावेल. लांब राहिले, तरी चावलंच. माझ्यासाठी कुत्रं म्हणजे आधी आवाज आणि मग एकदम दात. मधलं काहीच नाही. मला ते मधलं बघायचंय."

गुरुजी नुसते "बरं" म्हणाले आणि गाडीवाल्याला फोन लावायला बाहेर गेले.

*

गाडी हातखंब्याला डावीउजवीकडच्या धुळीतून वळून पालीच्या रस्त्याला लागली तेव्हा उजाडत होतं. मी विमलताईंच्या शेजारी. त्या प्रवासातली एक गंमत अजून आठवते. साखरप्यापर्यंत आम्ही सगळे मिळून विमलताईंना कुत्रं समजावून सांगत होतो आणि कुणालाच ते जमत नव्हतं. कोणी म्हणालं लांडग्यासारखं असतं. त्यांनी लांडगा कुठे बघितला होता? कोणी म्हणालं, वासराएवढं, पण बारीक. "वासराएवढं?" त्यांनी घाबरून विचारलं. मग वासरू मागे घेतलं.

"शेपूट हलवतं म्हणजे नक्की काय करतं?" त्यांनी विचारलं. "गाय माश्या उडवते तसं?"

"नाही, नाही. वेगळं. आनंदाने."

"आनंदाने म्हणजे कसं? वर-खाली की आडवं?"

रेहानाने हवेत हात हलवून दाखवला आणि मग आपण काय करतोय हे लक्षात येऊन तिलाच हसू आलं. तिने पुढच्या सीटवरून वळून विमलताईंचं मनगट धरलं आणि तेच भराभरा डावीउजवीकडे हलवलं. "असं. आणि याच्याबरोबर पाठीचा मागचा भागही हलतो."

"अख्खी पाठ?" विमलताई थक्क झाल्या. "मला वाटायचं शेपूट म्हणजे दोरीसारखं नुसतं मागे लटकलेलं असतं."

पन्नास वर्षं मी कुत्री बघितली असतील. गल्लीत, बसस्टँडवर, मासळीबाजारात. बघितली म्हणजे काय केलं, कोण जाणे. त्या गाडीत मला पहिल्यांदा कळलं की कुत्र्याचे कान नक्की कुठून सुरू होतात हे मला सांगता येत नाही. गुरुजींनी मात्र एक गोष्ट सांगितली ती चांगली होती. त्यांच्या लहानपणी घरात एक काळं कुत्रं होतं. एका पावसाळ्यात बिबट्या पडवीपर्यंत आला. कुत्रं भुंकलं नाही. गुरुजींच्या आईच्या पायाशी येऊन उभं राहिलं आणि त्याचं सगळं अंग थरथरत होतं. "आईस त्या थरथरण्यावरून कळलं," गुरुजी म्हणाले. "तिने दार लावून घेतलं."

"म्हणजे कुत्रंही घाबरतं," विमलताई म्हणाल्या. आंबा घाट चढून वर गेल्यावर चहाला थांबलो. धुकं होतं, बोटं गार पडली होती. खाली आमचं कोकण कुठेतरी होतं, दिसत नव्हतं. पलीकडे उतरल्यावर हवेचा वास बदलला. वाटेत कुठेतरी गुऱ्हाळ लागलं असणार, काचेच्या फटीतून काकवीचा वास आत आला आणि विमलताई म्हणाल्या, "आला वाटतं देश."

*

मैदानावर मांडव घातले होते, दोऱ्या बांधून चौकोन आखले होते, लाउडस्पीकरवर कुणीतरी सारखे नंबर पुकारत होतं. मी दाराशीच विमलताईंचा दंड घट्ट धरला. त्या कान देऊन उभ्या राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "शुभा, इतकी कुत्री आहेत ना इथे? मग भुंकत का नाहीत?"

खरंच की. तीन-चारशे कुत्री तरी असतील. मधूनच एखादं भुंकायचं आणि गप्प व्हायचं. बाकी नुसत्या धापा आणि साखळ्यांची बारीक खळखळ. टेबलांवर कुत्री उभी करून माणसं त्यांचे केस विंचरत होती. एका लहानशा पांढऱ्या कुत्र्याच्या डोक्यावर रबर लावून शेंडी बांधली होती. एका भल्या मोठ्या कुत्र्यापुढे टेबलपंखा लावला होता आणि त्याचा मालक स्वतः उन्हात उभा होता. मी हे सगळं सांगत होते आणि विमलताई प्रत्येक वाक्यानंतर "हं, मग?" म्हणत होत्या.

पहिल्यांदा आम्ही त्या शेंडीवाल्या कुत्र्याकडे गेलो. मालकीणबाईंना मी सगळं समजावून सांगितलं. त्या वाईट नव्हत्या, पण घाईत होत्या. "सॉरी हं, आत्ताच पावडर लावलीये. हात लागला तर केस बसतील. आमचा नंबर झाल्यावर या." दुसऱ्या ठिकाणीही तेच. तिसरा गृहस्थ विमलताईंच्या काठीकडे बघून म्हणाला, "काठी बघून बिथरेल तो. रिस्क नको." विमलताईंनी काठी मिटून पिशवीत टाकली. त्यांचा चेहरा पडला नव्हता, पण त्या माझ्या किंचित मागे राहून चालायला लागल्या. माझ्या मनात आलं, झालं हे बरंच झालं. फार जवळ जायला नको. लांबून फिरू, जेवू आणि परत जाऊ.

मैदानाच्या कडेला, टेबलं-पंखे संपून जिथे गवत सुरू होत होतं, तिथे देशी कुत्र्यांची रांग होती. कारवानी जातीची, उंच, पोट खपाटीला गेलेली शिकारी कुत्री. त्यांना केस विंचरायची गरजच नव्हती. तिथे पटका बांधलेला एक माणूस घोंगडी अंथरून बसला होता, शेजारी त्याची वाळूच्या रंगाची कुत्री. गुरुजींनी त्याच्याशी बोलणं काढलं. सिद्राम त्याचं नाव. जतकडचा मेंढपाळ. कुत्रीचं नाव हरणी.

गुरुजींनी विचारताच तो उठून उभा राहिला. "हात लावा की आक्का. त्यात काय इचारायचं? देखणी हाय म्हून तर आणलीय." मग त्याने विमलताईंकडे नीट पाहिलं. त्याला अंदाज आला असावा. "पण आदी तुमी हात लावायचा न्हाई. आदी ती बगंल तुमाला. असा उलटा हात धरा. मूठ करून. आन् खाली बसा."

विमलताई गवतावर बसल्या. त्यांनी मूठ पुढे केली. हरणीने मान लांब केली, मुठीवरून नाक फिरवलं, मनगटावर, मग बांगड्यांवर.

"ओलं आहे," त्या पुटपुटल्या. "नाक ओलं आहे. गार."

"झाली वळख," सिद्राम म्हणाला. "आता कानामागनं सुरू करा."

मी आयुष्यात खूप माणसांना पुस्तकं वाचताना पाहिलंय. इतकं सावकाश वाचताना कुणाला पाहिलं नाही. कानाच्या मुळापासून बोटं सुरू झाली. कान इतका पातळ असतो, हे त्यांना खरंच वाटेना. दोन बोटांत धरून त्या तो पुनःपुन्हा चाचपत राहिल्या. मग लांबलचक मान. मग छाती, खोल, एखाद्या होडीच्या तळासारखी. फासळ्या त्यांनी मोजल्या. आणि हात पुढे सरकला तो एकदम हवेत गेला.

"पोट कुठे गेलं?" त्या दचकून म्हणाल्या.

सिद्राम खो खो हसला. "हे कुत्रं पळणारं हाय, आक्का. पोट ठेवलं तर ससा गावंल का?"

विमलताईही हसल्या. दोन वर्षांत त्या इतक्या मोकळेपणी हसलेल्या मी ऐकल्या नव्हत्या. त्यांनी पुन्हा हरणीच्या छातीवर तळहात टेकवला. नंतर म्हणाल्या, "हिचं काळीज माझ्यापेक्षा जोरात उडतंय."

"नवीन मानूस हाय न्हवं. तुमी तिला, ती तुमाला."

मग त्यांनी सिद्रामला चावण्याची गोष्ट सांगितली. तो ऐकत होता आणि मधूनच विचारत होता. दिवस कुठले होते? थंडीचे. जागा कुठली? वळणावर, एक बंद पडलेली रिक्षा उभी असायची तिच्याजवळ. काठी हातात होती? होती. काठी कुठे लागली होती?

"रिक्षाच्या खाली," विमलताई म्हणाल्या. "मला वाटलं दगड आहे. मऊ काहीतरी लागलं. मी पुन्हा टोचून बघितलं."

सिद्रामने मान हलवली. "पिल्लं असनार, आक्का. थंडीत कुत्री विते. तुमी काठी टोचली पिल्लांना, ती आली तुमच्यावर. दुसरं काय करंल?"

आम्ही कुणी हा विचारच केला नव्हता. दोन वर्षं ते कुत्रं आमच्या बोलण्यात पिसाळलेलं, मोकाट, नगरपालिकेने उचलायला हवं असं होतं. विमलताईंचा हात हरणीच्या पाठीवर थांबला होता. "मग मी काय करायला हवं होतं?" त्यांनी विचारलं. "काठीशिवाय मला कसं कळणार?"

"काठी सोडू नका. पर टोचू नका, नुसती जमिनीवरनं फिरवा. आन् गुरगुरलं तर थांबा. मागं वळू नका. बोला त्याच्याशी काहीतरी."

"काय बोलू?"

"काय बी. भाजी काय केली ते सांगा."

*

त्यानंतर जे झालं त्यात चूक माझी होती. ते लिहायला अजून जड जातं.

विमलताई उठून उभ्या राहिल्या होत्या आणि हरणीच्या शेपटीशी पोचल्या होत्या. तेवढ्यात आमच्या मागून एक काळं, रुंद जबड्याचं कुत्रं आपल्या मालकाला जवळजवळ ओढतच घेऊन गेलं. आमच्या अगदी जवळ येऊन ते भुंकलं. एकदाच, पण केवढ्याने! ते पट्ट्याला बांधलेलं होतं, मालकाने ताबडतोब आवरलंही. पण मी "ताई!" म्हणून किंचाळले आणि त्यांचा दंड धरून सगळ्या ताकदीने त्यांना माझ्याकडे खेचलं. त्यांचा पाय हरणीच्या दोरीत अडकला. त्या पुढे हातांवर पडल्या. हरणी केकाटली. माणसं धावली. कुणी पाणी आणलं, कुणी त्या काळ्या कुत्र्याच्या मालकाला बोलायला लागलं. विमलताईंच्या तळहाताला खरचटून रक्त आलं होतं. मी रडवेली होऊन म्हणत होते, "सांगत होते मी, सांगत होते, नको म्हणून."

गुरुजी म्हणाले, "चला, आता पुरे. जेवून गाडीकडे जाऊ."

विमलताई गवतावर बसूनच होत्या. रेहाना त्यांचा हात धूत होती. त्या शांतपणे म्हणाल्या, "शुभा, कुत्र्याने मला पाडलं नाही. तू ओढलंस म्हणून मी पडले."

"ताई, ते अंगावर आलं असतं."

"आलं असतं की नसतं, ते मला कळायच्या आधीच तू ओढलंस. दोन वर्षं तेच चाललंय."

सगळ्यांसमोर बोलल्या त्या. आवाज चढवला नाही. टेलिफोनवर एखाद्याला लाइन लागत नाही हे सांगावं तशा. माझे कान तापले. मला राग आला, खरं तर. स्कूटर, भाज्या, औषधं, पावसातून घातलेले हेलपाटे, सगळं डोळ्यांपुढे आलं. मी तशीच मैदानाबाहेर गेले आणि उसाच्या रसाच्या गाडीशी जाऊन उभी राहिले. घुंगरं वाजत होती. मी रसही घेतला नाही. बराच वेळ तिथे उभी राहून मी माझ्या बाजूचे मुद्दे जमवत होते, आणि ते जमवता जमवता एक नको असलेली गोष्ट हाताला लागली. त्या चावण्यानंतरच्या दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात विमलताई एकदा म्हणाल्या होत्या, "उद्यापासून बघू का एकटी येऊन?" मी म्हटलं होतं, "कशाला? मी आहे ना." माझी मुलगी त्याच वर्षी पुण्याला गेली होती. घर रिकामं झालं होतं. दुपारी तीन वाजता कुणीतरी आपली वाट बघत दारात उभं असतं, याची मला सवय लागली होती. सवय कसली, गरजच.

परत गेले तेव्हा विमलताई रेहानाबरोबर दोरीच्या कडेला खुर्चीवर बसल्या होत्या. चौकोनात स्पर्धा चालू होती. मी मागे उभी राहिले. रेहाना त्यांना सांगत होती, "परीक्षक बाई आहेत. पन्नाशीच्या. आता त्यांनी कुत्र्याचं तोंड उघडून दात बघितले. आता खांद्यांवर हात ठेवलेत. पाठीवरून नेतायत. आता मांड्या."

"हाताने बघतायत?"

"हाताने. केस असतात ना इतके, आतलं हाड डोळ्यांना कळत नसणार."

"आणि त्या वेळी त्या कुठे बघतायत?"

रेहाना थांबली. नीट निरखून म्हणाली, "कुठेच नाही. समोर, लांब. कुत्र्याकडे नाहीच बघत."

विमलताई पुढे वाकल्या, जणू दोरीपलीकडचं आता त्यांनाच अधिक कळत होतं. "मला माहितेय," त्या म्हणाल्या. "मी पण मघाशी मान वर केली होती."

मी त्यांच्या खांद्याला हात लावला. धरला नाही, नुसता लावला. "ताई, मी आहे."

"रस प्यायलीस का?" त्यांनी विचारलं. गाडीच्या घुंगरांचा आवाज तिथपर्यंत येत होता. एवढंच बोलणं झालं आमचं त्या विषयावर. पण त्यानंतर दिवसभर मी त्यांच्याबरोबर चालले ती माझा कोपर त्यांच्या हाताशी ठेवून. धरायचं की नाही, ते त्यांनी ठरवायचं.

दुपारी नंबर संपले तशी माणसं निवांत झाली आणि विमलताईंना नाही म्हणणारं कुणी उरलं नाही. त्या ग्रेट डेनजवळ गेल्या. सवयीने हात खाली नेला, तर खाली काहीच नव्हतं. डोकं त्यांच्या छातीशी होतं. "अगो बाई, हे वासरूच की!" त्या म्हणाल्या आणि गाडीत वासराचं नाव काढणाऱ्याचा मान राहिला. डॅशहुंडची पाठ त्या चाचपत गेल्या आणि ती संपेचना. "अजून?" त्या विचारत होत्या. "अजून?" चपट्या तोंडाच्या पगचं नाकच सापडेना. टेबलपंख्यापुढच्या त्या भल्यामोठ्या सेंट बर्नार्डने त्यांचा हात मनगटापर्यंत लाळेने भिजवला. सकाळच्या शेंडीवाल्या कुत्र्याच्या मालकीणबाईंनी आपणहून हाक मारली, कुत्रं त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि दहा मिनिटं स्वतः शेजारी उभ्या राहिल्या. सगळ्यांत शेवटी, निघताना, विमलताईंनी विचारलं, "ते सकाळचं काळं कुत्रं कुठे आहे?"

माझ्या ओठांवर 'नको' आलं होतं. मी ते गिळलं आणि शोधायला गेले. ते सापडलं नाही. त्याचा मालक लवकर निघून गेला होता. खरं सांगते, मला हायसं वाटलं. विमलताईंना वाईट वाटलं.

परतीच्या वाटेवर सगळी गाडी झोपली. विमलताई जाग्या होत्या, मांडीवर दोन्ही तळवे उताणे ठेवून. संध्याकाळच्या उन्हात घाट उतरताना त्या म्हणाल्या, "सगळी मिळून एकच प्राणी आहेत, यावर विश्वास बसत नाही बघ." आणि थोड्या वेळाने, "पण सगळ्यांच्या कानामागे तेच. मऊ आणि गरम."

*

असं वाटेल की दुसऱ्या दिवसापासून त्या काठी घेऊन निघाल्या. तसं झालं नाही. पंधरा दिवस मी नेहमीसारखी स्कूटर नेत होते आणि त्या नेहमीसारख्या मागे बसत होत्या. कुत्रं भुंकलं की त्यांची बोटं माझ्या खांद्यात रुतायची, पहिल्यासारखीच. भीती एका सहलीने जात नाही. फरक एवढाच की आता त्या विचारायच्या, "कुठलं होतं? भुरं का? कान उभे की पडलेले?" आणि मला स्कूटर थांबवून बघावं लागायचं.

मग जानेवारीत एका दुपारी त्यांचा फोन आला. "आज येऊ नकोस. मी येते."

मी "बरं" म्हटलं. फोन ठेवला आणि घड्याळाकडे बघितलं. तीनला पाच कमी. दहा मिनिटांचा रस्ता. सव्वातीन झाले. साडेतीन झाले. मी दोनदा चपला घातल्या आणि दोनदा काढल्या. वाचनालयात गुरुजी पेपर वाचत होते, शुक्रवार म्हणून रेहाना लवकर आली होती. खिडकीतून मोहोराचा वास येत होता आणि मला तो सहन होत नव्हता. लांबवर कुत्री भुंकल्यासारखी वाटली. मग थांबली. ते भुंकणं थांबलं हे जास्त वाईट होतं.

तीन चाळीसला फाटक वाजलं.

विमलताई आत आल्या. कपाळावर घाम, केस विस्कटलेले. त्या बाकावर बसल्या आणि म्हणाल्या, "पाणी दे." घटाघट प्यायल्या. "तीन होती. टाकीपाशी. गुरगुरली. मी थांबले. फार वेळ थांबले. काय बोलावं सुचेना, मग मुळ्याची भाजी कशी करतात ते सांगितलं. सगळी कृती सांगितली. त्यातलं एक आलं आणि…" त्यांना हसू फुटलं, की रडू, कळेना. "अंगावरच चढलं."

तेव्हा मला दिसलं. त्यांच्या फिक्या पिवळ्या साडीवर, गुडघ्याच्या वर, लाल मातीचे दोन ठसे होते. टाकीजवळ पाइपसाठी खणलं होतं, तिथली ओली माती.

"ताई, साडीवर पाय उमटलेत," मी म्हटलं आणि ओलं फडकं आणायला वळले.

"थांब, पुसू नकोस. कुठे?"

मी त्यांचा हात तिथे नेला. माती वाळत आली होती, बोटांना तिची कड लागत होती. त्यांनी एक ठसा तर्जनीने सावकाश गिरवला. मग दुसरा. मग पुन्हा पहिला.

"चारच बोटं आहेत," त्या म्हणाल्या. "कुत्र्याला चारच बोटं असतात?"

मी रेहानाकडे बघितलं. रेहाना गडबडली. "पाच असावीत बहुतेक. की मागच्या पायाला चार? आम्ही बेडूक शिकवतो, झुरळ शिकवतो. कुत्रं अभ्यासक्रमात नाही."

गुरुजींनी पेपर खाली ठेवला. "कुत्र्यांत वाढलो मी," ते म्हणाले. "पण बोटं… छे, मोजली नाहीत कधी."

मी कपाटाकडे जाऊन प्राण्यांवरची दोन पुस्तकं काढली. एकात कुत्र्याचं चित्र होतं, पण पाय गवतात बुडालेले. दुसऱ्यात नुसतं डोकं.

"अगो, पुस्तकं काय उघडताय," विमलताई उठत म्हणाल्या. त्यांनी काठी उघडली. "ती तिघं टाकीपाशीच आहेत अजून. चला."

मी काउंटरवर 'पाच मिनिटांत येते' अशी पाटी ठेवली आणि आम्ही निघालो. दुपारचं ऊन गडग्यांवर पसरलं होतं. रेहाना आणि गुरुजी चालता चालता भांडत होते, चार की पाच. मी फाटक ओढून घेतलं आणि वळून पाहिलं, तर विमलताई आमच्या बऱ्याच पुढे गेल्या होत्या. काठी जमिनीवरून हलके फिरवत, वळणाच्या दिशेने मान कलती करून. त्यांना हाक मारायचं माझ्या ओठांवर आलं नाही. मी नुसती चालीचा वेग वाढवला.